झाकणाचा कप

आमच्या महालातल्या घरात झाकणांना तोटा नव्हता. माठावर लाकडी झाकणी आणि तिच्यावर उपडा घातलेला पितळी गडू, दुधाच्या पातेल्यावर चाळणी, कारण पातेलं पूर्ण झाकलं तर साय नीट धरत नाही असं आजीचं मत, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला मांजरपाटाचा दादरा आणि त्यावर सुतळीचे वेढे, पापडांच्या डब्याला उघडताना सगळ्या ओसरीला दचकवणारं पत्र्याचं झाकण, आणि वळवाच्या दिवसांत अंगणातल्या विहिरीवरसुद्धा टाकलेली फळकुटं. पण चहाच्या कपालाही झाकण असतं हे सगळ्या वाड्याला ज्या एका कपामुळे ठाऊक होतं, तो आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, निळ्या नक्षीचा चिनी कप. त्याला कान नव्हता. बुडाशी निमुळता, वर उमलत गेलेला, ओठाशी इतका पातळ की उन्हात धरला तर आतल्या बाजूने बोटांची सावली दिसायची. झाकण कपाच्या काठावर न बसता काठाच्या आत किंचित उतरून बसायचं, आणि ते बसताना होणारा बारीक, स्वच्छ किणकिणाट ऐकला की घरात ज्याला त्याला कळायचं, आबांचा चहा झाला सुरू.

दुपारच्या चहाची वेळ आमच्याकडे घड्याळाने ठरत नसे. एम्प्रेस मिलचा भोंगा शुक्रवारी तलावाच्या अंगाने उठून महालाच्या कौलांवरून सरकत यायचा, त्याच्या मागोमाग कुणाच्या तरी अंगणात बादली विहिरीत पडल्याचा आवाज, मग आमच्या स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याची फुसफूस, आणि थोड्या वेळाने आलं ठेचल्याचा आणि गवती चहा तोडून चुरगळल्याचा वास. आबा तोवर अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज टाकून बसलेले असत. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर बसणारा माणूस विरळाच, पण खसच्या ताट्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा जीव रमत नसे. निंबाची सावली ही एकच थंडी खरी, असं ते म्हणत. चैत्रात त्या निंबाचा फुलोरा झडायचा. पांढरट, बारीक, मधासारख्या वासाची ती फुलं बाजेवर, आबांच्या टकलावर, आजीने वाळत घातलेल्या कुरड्यांवर अखंड पडत राहायची, मधेच लाटेसारखी झळ यायची, धुळीची एखादी वावटळ अंगणात शिरून दोन गिरक्या घेऊन फाटकाबाहेर निघून जायची, आणि या सगळ्यात आबांचा चहा झाकणाखाली निर्धास्त असायचा. त्या निळ्या-पांढऱ्या झाकणावर साचलेली फुलं ते करंगळीने हलकेच सारत आणि मगच झाकण उचलत. इतरांच्या बशांमध्ये मात्र फुलं तरंगायची. आम्ही ती फुंकून कडेला लावायचो आणि चहा पिताना एखादं फूल तोंडात आलंच तर त्याचा कडवटपणा जिभेवर बराच वेळ राहायचा.

झाकण उचललं की ते आबा लगेच खाली ठेवत नसत. शेजारी उकिडवं बसलेल्या नातवंडांपैकी ज्याची पाळी असेल त्याच्या नाकापाशी ते धरत. आतल्या बाजूला वाफेचे टपोरे थेंब लागलेले असत, आणि त्या ओल्या, उबदार घुमटात चहाचा जो वास साठलेला असे तो कपातल्या चहाला नव्हता, पातेल्यातल्या उकळत्या चहालाही नव्हता. गवती चहाची हिरवट लिंबाळ धार, आल्याचा झटका, त्याखाली दुधाचा गोडसर जडपणा, आणि सगळ्यात तळाशी भाजल्या मातीचा म्हणावा असा एक थंड वास. मी श्वास आत ओढून डोळे मिटून घ्यायचो, आणि आबा विचारायचे, "काय आलं?" आपण काहीतरी उत्तर द्यायचं. कुणी म्हणायचं पाऊस आला, कुणी म्हणायचं गाडी आली, बहिणीने एकदा सांगितलं दुर्गापूजा आली, आणि आबांनी ते उत्तर पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना सांगितलं. मग ते ओलं झाकण गालाला लावायची मुभा असे. चाळीस-बेचाळीसच्या पाऱ्यात गरम झाकण गालाला कशाला लावायचं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही.

कान नसलेला कप धरायचा कसा, हेही बघण्यासारखं होतं. आबा उपरण्याचं टोक दुमडून तळव्यावर घेत, त्यावर कप, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने झाकण किंचित तिरकं करून काठाशी एक फट ठेवत आणि त्या फटीतून चहा पीत. इकडे वाड्यात सगळे बशीत ओतून पिणारे. बशीचे फुरके लांबवर ऐकू येत, प्रत्येकाचा फुरका ओळखूही येई. काकांचा दीर्घ आणि शेवटी वर चढणारा, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांचा तुटक. आबांचा चहा मात्र बिनआवाजी. ही रीत मुळात पातीच्या चहाची. कपात पाती टाकायची, वरून गरम पाणी, झाकण, आणि पिताना पाती तोंडात येऊ नये म्हणून झाकणाने मागे सारायची. आमचा चहा दूध घालून उकळलेला, फडक्याने गाळलेला. त्यात मागे सारायला काही नव्हतं. तरी आबा झाकण चहाच्या पृष्ठभागावरून एकदा अलगद फिरवत, साय बाजूला सारत आणि मगच पहिला घोट घेत. ज्याने त्यांना हा कप दिला त्याने असंच करून दाखवलं होतं.

आबा बंगाल-नागपूर रेल्वेत होते. १८८७ साली स्थापन झालेली ती कंपनी १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, पुढे तिची दक्षिण-पूर्व रेल्वे झाली, पण आबांच्या आणि त्यामुळे आमच्या तोंडी ती शेवटपर्यंत बीएनआरच राहिली. इतवारी स्टेशनच्या मालधक्क्यावर ते माल-बाबू. छोट्या लाईनीच्या इंजिनाची किनरी शिट्टी, धान्याची पोती, मँगनीजची धूळ, आणि हिवाळा आला की संत्री. आंबिया बहाराची संत्री करंड्यांतून, पेट्यांतून, वाळल्या गवतात दडपून कलकत्त्याच्या दिशेने रवाना व्हायची, आणि त्या दिवसांत आबा घरी आले की त्यांच्या कोटाला, टोपीला, बिलट्या लिहायच्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीलासुद्धा सालीचा तिखट-गोड वास यायचा. नागपूर आणि कलकत्ता ही दोन गावं आमच्या घराच्या भूगोलात शेजारी होती. पुणं-मुंबई लांब, तिकडे लग्नकार्याला जायचं. कलकत्त्याला पास निघायचा.

दुसरं महायुद्ध पेटायच्या आदल्या हिवाळ्यात आबा असेच पासावर कलकत्त्याला गेले होते. सोबत संत्र्यांची करंडी. एका बंगाली गार्डमित्राने त्यांना तिरेट्टा बाजारात नेलं. चिनी लोक कलकत्त्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. त्यांची सुतारकामाची, जोड्यांची, दातांच्या डॉक्टरांची दुकानं, टेंगऱ्याला चामड्याचे कारखाने, आणि तिरेट्टा बाजारात सकाळी वाफाळणाऱ्या न्याहारीच्या गाड्या. त्या गल्लीत चहापत्ती आणि चिनी भांडी विकणारा एक म्हातारा होता. आबांचं गाव कोणतं हे त्याने विचारलं. नागपूर म्हणताच तो उठून उभा राहिला. तुमच्या गावचा डॉक्टर आमच्या लोकांसाठी तिकडे गेला आहे, असं तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, आणि आबांना क्षणभर उमजेना, मग उमजलं.

१९३८ साली जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष. सोलापूरचे डॉ. कोटणीस त्या पथकातले म्हणून महाराष्ट्राला माहीत आहेत. १९४२ च्या डिसेंबरात ते तिकडेच गेले आणि शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, पाचांमध्ये वयाने सगळ्यांत मोठे, इथल्या सार्वजनिक कामांत मुरलेले, आणि ज्या वयात माणसं बाज टाकून बसतात त्या वयात ते १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीने चीनला निघाले. चिनी लोकांनी या पाचही जणांच्या नावांना आपल्या देशाचं अक्षर जोडलं. चोळकरांचं नाव आमच्या गावात आज किती जणांच्या ओठावर आहे? कोटणिसांचं स्मारक सोलापुरात आहे, शाळेच्या पुस्तकात धडा होता. आपल्या माणसाबद्दल नागपूरने इतकं गप्प राहू नये, असं मला फार वाटतं. आबांनी चोळकरांना सभांमधून लांबून पाहिलं होतं, तेवढंच. तरी त्या दिवशी त्या दुकानात ते नागपूरचे होते आणि तेवढं पुरलं.

म्हाताऱ्याने चहा केला, पातीचा, बिनदुधाचा. आबांनी करंडीतली संत्री पुढे ठेवली. चिनी माणसाला नव्या वर्षाला संत्रं देणं हा शकुन, हे आबांना ठाऊक नव्हतं. आणि रघूजी भोसल्यांच्या काळापासून जे फळ आपण नागपूरचं म्हणून मिरवतो त्याचं दूरचं गोत्र त्याच पूर्वेकडचं, हे त्यांना मीच पुढे कधीतरी वाचून सांगितलं. म्हाताऱ्याने एक संत्रं सोलून न खाता दोन्ही हातांत धरून बराच वेळ हुंगलं, असं आबा सांगत. मग फळीवरून हा कप काढला. तिकडून माल येणं बंद झालं होतं, कँटन शहर त्याच ऑक्टोबरात जपान्यांच्या हाती पडलं होतं, दुकानात उरलेला हा असा एकेकटा माल. खाली एक बशी असते, ती फुटली होती. झाकण म्हणजे आकाश, बशी म्हणजे धरती आणि मधला कप म्हणजे माणूस, अशी त्यांच्याकडे समजूत, हे त्याने बोटं वर-खाली करून समजावलं आणि पैसे घ्यायला काही केल्या तयार होईना. आबांनी कप संत्र्याच्याच करंडीत, त्याच गवतात गुंडाळून नागपूरला आणला. आजीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याला संत्र्याचा वास येत होता म्हणे.

मी त्या कपाची नक्षी इतकी वाचली आहे की डोळे मिटूनही सांगता येईल. डोंगराच्या तीन रेघा, पहिली ठसठशीत, तिसरी नुसती ओल्या कुंचल्याची सावली. खाली पाणी, म्हणजे काहीच न रंगवलेला पांढरा भाग, आणि त्यात एक नाव असल्यामुळे ते पाणी. एका बाजूला वाकलेलं झाड, त्याच्या पानांचे टिपके टपटप उमटवलेले, काही ठिकाणी कुंचला जरा जास्त टेकला म्हणून निळा साकळून जवळजवळ काळा झालेला. कमानीचा पूल, आणि पुलावर काठी टेकत निघालेला एक माणूस. त्याला नाक-डोळे नाहीत. एक टिंब, एक वाक आणि काठीची रेघ. झाकणावर डोंगर नाहीत, फक्त उडणारे पक्षी, आणि झाकण फिरवून ठेवलं की ते कधी नावेवर तर कधी पुलावर येत. पुलावर आले तर आज चांगलं, असा आम्हा मुलांचा होरा. बुडाशी, जिथे झिलई नाही आणि बोटाला खरखरीत लागतं त्या कड्याच्या आत, चार निळी अक्षरं. ती वाचता येणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं.

ही भांडी जिंगदेझेन नावाच्या गावची. शेकडो वर्षं त्या गावाने दुसरं काही केलं नाही. पांढरी माती आणि कुटलेला एक दगड मळून भांडं घडवायचं, वाळवायचं, आणि कोबाल्टचा रंग पाण्यात कालवून त्या कोरड्या, पाणी शोषून घेणाऱ्या अंगावर कुंचल्याने चितारायचं; तिथे चुकलेली रेघ पुसता येत नाही. वरून झिलईचा थर, मग तेराशे अंशांच्या आसपासची भट्टी. मला यातलं जे कळल्यापासून तो कप अधिकच जवळचा वाटू लागला ते असं की चितारताना तो रंग निळा नसतो. करडा, काळपट, मळकट असतो. निळाई आगीत फुलते. डोंगराची ती तिसरी फिकट रेघ ओढणाऱ्याला आपला निळा कसा उतरेल हे हाताच्या सवयीने माहीत असायचं, डोळ्यांना दिसायचं ते राखेच्या रंगाचं चित्र. आणि डोंगर काढणारा वेगळा, माणसं काढणारा वेगळा, काठाची रेघ मारणारा वेगळा. एका कपामागे बहात्तर जणांचे हात लागतात, असं १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात नोंदलेलं आहे. आपल्याकडे भद्रावतीला ग्रामोदय संघात चाकावरची, भट्टीची कामं पाहताना मला त्या बहात्तरांची आठवण व्हायची. एकाच्याही नावाची खूण त्या चार अक्षरांत नाही.

आजीचं आणि या कपाचं सुरुवातीला जमलं नाही. चिनी मातीत हाडांची भुकटी असते अशी त्या काळी घरोघरी समजूत, त्यामुळे कपबशीला स्वयंपाकघरात मज्जाव. कप ओसरीवरच्या कोनाड्यात राहायचा, आबा स्वतः विसळायचे, आजी उंबऱ्याच्या आतून पातेलं तिरकं करून वरून चहाची धार धरायची, एक थेंबही बाहेर न सांडता, आणि खाली ठेवायला तिने एक पितळी ताटली नेमून दिली होती. म्हणजे माणूस आणि आकाश चीनचं, धरती नागपूरच्या तांबटाची. स्वतः ती पितळी पेल्यातून, पेला पदराच्या टोकात धरून चहा प्यायची. आबांचं उपरण्याचं टोक आणि आजीचं पदराचं टोक, दोघं अंगणाच्या दोन बाजूंना बसून आपापला चटका सांभाळत चहा पीत आहेत, मधे निंबाची फुलं पडताहेत, हे मी रोज पाहिलं आहे आणि तेव्हा त्यात पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. हाडांची राख घालतात ती इंग्लंडच्या भांड्यांत, अठराव्या शतकाच्या शेवटाला तिकडे निघालेली ती रीत. चिनी कपात निव्वळ माती आणि दगड. हे मला कळलं तेव्हा सांगायला आजी नव्हती. पण तिचा प्रश्न त्याआधीच, वेगळ्याच रीतीने सुटला होता.

१९६२ च्या २० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात चकलीचा घाणा पडायचा होता तो पडला नाही. रेडिओभोवती सगळा वाडा, तवांग, बोमडिला, चुशूल ही कधी न ऐकलेली नावं मोठ्यांच्या तोंडी, आणि आम्ही मुलं नकाशाच्या पुस्तकात ती शोधतोय. बायका दागिने देत होत्या. आजीने आपल्या पाटल्या काढल्या. साबण लावून काढाव्या लागल्या, इतकी वर्षं त्या हातातून निघाल्याच नव्हत्या, आणि मनगटावर दोन गोरे पट्टे राहिले. पुढे यशवंतरावांना दिल्लीने बोलावलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. त्या दिवसांत कधीतरी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू ओसरीवर आल्या, कोनाड्याकडे बघून म्हणाल्या, "माई, अजून काहून ठेवला हा घरात? शत्रूचा आहे नं. टाका उकिरड्यावर." आबा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं आजीकडे पाहिलं.

आजी उठली. कोनाड्यातून कप तिने दोन्ही हातांनी काढला, आयुष्यात पहिल्यांदा. झाकण किणकिणलं, ते तिने गोऱ्या पट्ट्याच्या हाताने दाबून धरलं आणि कप घेऊन ती उंबरा ओलांडून आत गेली. लोणच्याच्या बरणीशेजारी फळीवर तिने तो ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "शत्रूचा नाही तो. त्यांचा आहे." इतकंच. त्या संध्याकाळपासून कप स्वयंपाकघरात राहायला गेला, आजी स्वतः तो चिंचेने, राखेने नव्हे तर नुसत्या कोमट पाण्याने विसळू लागली, आणि सोवळ्याचा विषय त्या घरात त्या कपापुरता कायमचा संपला. आजीला देशाभिमान कमी होता असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मनगटं बघितली की पुरे. एका आठवड्यात तिने पाटल्या दिल्या आणि कप आत घेतला, आणि या दोन गोष्टींत तिला काही विसंगत वाटलं नाही. मलाही अजून वाटत नाही.

आबांनी म्हाताऱ्याला पोस्टकार्ड टाकलं. ओळख झाल्यापासून दर दिवाळीला ते टाकत, इंग्रजीत, मालधक्क्याच्या त्या गोल, सुट्या अक्षरात, जांभळी पेन्सिल जिभेला लावून, आणि महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर येई: तब्येत बरी आहे, संत्र्यांची आठवण येते. त्या वर्षी उत्तर आलं नाही. गार्डमित्राने जाऊन पाहिलं तर दुकानाला कुलूप. त्या हिवाळ्यात चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत बायका, मुलं, इथेच जन्मलेले कितीतरी, आसाम, दार्जिलिंगकडून आणि बंगालमधून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींना चार-पाच वर्षं. ज्यांना नेलं नाही त्यांतले अनेक पुढे कॅनडाकडे निघून गेले. आबांना छावणीचं हे सगळं समजलं नव्हतं. ते पोस्टकार्ड टाकत राहिले. दिवाळीचा फराळ झाला, की ओसरीवर पाट घेऊन बसायचं, पत्ता आधी लिहायचा, मग मजकूर, आणि टपालपेटीत कार्ड पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरायचं. एकही परत आलं नाही, त्यामुळे कुणीतरी ती घेत असणार, असं त्यांचं म्हणणं. १९७१ च्या पावसाळ्यात ते गेले, तोवर कप आणि पोस्टकार्ड दोन्ही चालू होतं.

नोकरीसाठी मी मुंबईला गेलो तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, आज जे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे तिथे, काचेआड चिनी भांडी पाहिली. रतन टाटा आणि दोराब टाटा या भावांचा संग्रह. आमच्या कपापेक्षा कितीतरी उंची, राजवाड्यांत शोभणारा माल. पण त्यातही तो साकळलेला निळा होताच. त्यांचे वडील जमशेटजी तरुणपणी व्यापारासाठी हाँगकाँगला जाऊन आलेले, आणि त्यांनीच १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली त्या दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. आमच्या दुपारच्या चहाचा भोंगा त्या मिलचा! काचेला नाक लावून उभा असताना मला विदर्भाचा कापूस, मिलचा भोंगा आणि ती निळी भांडी एकाच सुतावर ओवलेली दिसली आणि तिथल्या पहारेकऱ्याला हे सांगावं अशी जबर इच्छा झाली. सांगितलंही. तो गडचिरोलीचा निघाला. आम्ही बराच वेळ बोललो.

मिल २००२ मध्ये बंद झाली, त्या जागी मॉल आहे, आणि उन्हाळ्यात तिथल्या गारव्याला बसणाऱ्या गर्दीत मीही असतो. तो गारवा खसच्या ताट्यांपेक्षा सरस आहे हे कबूल करायला हवं. इतवारीच्या छोट्या लाईनीची शिट्टी रुंदीकरणात गेली, पण रुंद लाईनीने माणसं लवकर घरी पोचतात. स्टेशनाला आता नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे. ज्यांनी चोळकरांना चीनला पाठवलं त्यांचंच नाव आबांच्या मालधक्क्याला लागावं, हे आबांना किती आवडलं असतं! वाडा पाडून चार मजली स्कीम झाली, निंब गेला, तेव्हा आम्हा भावंडांना सगळ्यांनाच रडू आलं आणि सगळ्यांनाच घरात नळाला पाणी आल्याचं सुखही झालं. वाटणीच्या वेळी पितळेवर, शिसवी कपाटावर बोलणी झाली. कपाबद्दल कुणी बोललं नाही. तो माझ्याकडे येणार हे गृहीत होतं, कारण शेवटच्या वर्षांत आबांचा चहा मी नेऊन द्यायचो.

माझी नात मिहानमध्ये एका कंपनीत जाते. सकाळी निघताना तिच्या पिशवीत स्टीलचा उंच पेला असतो, झाकणाचा, तीन तास चहा गरम ठेवणारा, आणि तिच्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीकडे तसा एक. आम्ही सगळ्या वाड्यात एक झाकण बघितलं, आता नागपुरात चौकाचौकात झाकणं. रविवारी मात्र ती फळीवरून आबांचा कप काढते. दार्जिलिंगहून मागवलेली पाती चिमूटभर टाकते, वरून पाणी, झाकण, आणि पिताना झाकणाने पाती मागे सारते. मोबाईलवर बघून शिकली. ती म्हणते, झाकण आपल्याकडे नाही, समोरच्या बाजूला तिरकं करायचं. मी म्हणतो, आबा आपल्याकडे करायचे. या पातीच्या चहाला दूध नाही, आलं नाही, मला तो पाणचट लागतो, पण झाकण नाकाशी धरून ती विचारते, "काय आलं, आजोबा?" आणि मला उत्तर द्यावं लागतं.

परवा तिने कप खिडकीशी नेला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाली, "पुलावर दोन माणसं आहेत." मी म्हटलं, एकच आहे, साठ वर्षं बघतोय. तिने मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. ज्याला आम्ही सगळे काठी समजत आलो त्या रेघेच्या वरच्या टोकाशी एक बारीक टिंब आहे, आणि टिंबाखाली वाक. म्हाताऱ्याचा हात धरून निघालेलं पोर, असं तिचं म्हणणं. मी धाकट्या भावाला फोन लावला, फोटो पाठवला. तो म्हणाला, ते गाठोडं आहे, काठीला अडकवलेलं. बहिणीचं मत, कुंचला टेकला एवढंच. दोन दिवस घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. भाऊबीजेला सगळे येणार आहेत, भावाला मी त्याचं चांगलं भिंग घेऊन यायला सांगितलं आहे, आणि बहीण गवती चहा आणणार आहे.